पानं झडण्याआधीचा बर्फ

सफरचंद आपल्या घरात दोन वाटांनी येतं. कुणी आजारी पडलं की भेटायला येणारे पिशवीत घालून आणतात, नाहीतर रमजानमध्ये इफ्तारच्या ताटात कलिंगड-केळ्याच्या जोडीला त्याच्या चार फोडी असतात. गाडीवाल्याला आपण भाव विचारतो, "काश्मीरचंच ना?" एवढी खात्री करून घेतो, चार दाबून बघतो आणि किलोभर घेऊन घरी येतो. त्या झाडाशी आपली ओळख नसते. आमची झाली ती 2018 साली, आणि तीही झाडं मोडताना.

आम्ही दोघंही शिक्षक. सांगली जिल्ह्यातल्या द्राक्षाच्या पट्ट्यात राहतो. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरी या ना त्या नात्याने द्राक्षबाग असते; कुणाची स्वतःची, कुणाचे वडील छाटणीच्या टोळीत, कुणाची आई विरळणीला. त्यामुळे आभाळ भरून आलं की वर्गात कोणती मुलं खिडकीबाहेर बघतात हे आम्हाला बरोबर माहीत असतं.

आमच्या मोहल्ल्यात दर हिवाळ्यात एक काश्मिरी भाई शाली, स्वेटर, फेरन घेऊन येतात. मशिदीच्या मागच्या गल्लीत खोली भाड्याने घेतात, तीन-साडेतीन महिने गावोगाव फिरतात, आणि थंडी सरली की उरलेला माल बांधून परत जातात. उधारी वहीत लिहून ठेवतात आणि पुढच्या साली येऊन मागतात. कुणी बुडवल्याचं त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. आमची मुलं त्यांना मामू म्हणतात. घरी बारा कनाल सफरचंदाची बाग आहे, ती थोरले भाऊ बघतात, हे त्यांच्याकडून ऐकून होतो. आठ कनालचा एक एकर, म्हणजे दीड एकर जमीन. दर वर्षी निरोप घेताना ते म्हणत, "मास्टरजी, एक दफा सेब के मौसम में आइए, बच्चों को लेकर."

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीला रजेचे काही दिवस जोडून आम्ही चौघं निघालो. मिरजेहून दिल्ली, दिल्लीहून जम्मू, आणि तिथून जीप. नातेवाइकांनी बराच विरोध केला. तो काळ तसा होता, आणि आम्हाला जायचं होतं ते पुलवामा-शोपियानच्या बाजूला, जिथलं नाव फक्त वाईट बातमीतच येतं. बनिहालचा जवाहर बोगदा ओलांडून काझीगुंडला उतरलो तेव्हा पोपलरची पिवळी झाडं, कापलेल्या भाताची शेतं आणि रस्त्याच्या कडेला लाकडी पेट्यांच्या थप्प्या दिसल्या. पेट्या भरलेल्या ट्रक समोरून येत होत्या. आमच्या मुलाने चाळीसपर्यंत मोजल्या आणि मग झोपला.

देशात पिकणाऱ्या सफरचंदांपैकी जवळपास तीन चतुर्थांश जम्मू-काश्मीरमध्ये पिकतात, वर्षाला साधारण 20 लाख टन. आकडा मोठा आहे, पण त्यामागे मोठे मळेवाले थोडे. बहुतेक घरं आमच्या मामूंच्या घरासारखी, दहा-पंधरा कनालवाली. ऑगस्टमध्ये लवकर येणारी फळं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लाल डेलिशस, शेवटी आंबटसर महाराजी. फळ उतरवून झालं की पानं हळूहळू पिवळी पडतात, गळतात, आणि झाड उघडं होऊन बर्फाची वाट बघतं. खरा बर्फ 21 डिसेंबरनंतरचा. तिथून पुढच्या चाळीस दिवसांना काश्मिरी लोक चिल्लाई कलान म्हणतात. त्या दिवसांतला बर्फ त्यांना हवा असतो. तो डोंगरावर साठतो, उन्हाळ्यात ओढ्यांना पाणी देतो, आणि सफरचंदाच्या झाडाला फुलण्याआधी जी थंडी लागते ती देतो. पहिला बर्फ पडला की एकमेकांना 'शीन मुबारक' म्हणायची रीत आहे. शीन म्हणजे बर्फ.

त्या वर्षी कुणी कुणाला मुबारक म्हटलं नाही.

2 नोव्हेंबरला संध्याकाळपासून थंड पाऊस लागला होता. थोरले भाऊ, ज्यांना सारं गाव हाजीसाहेब म्हणतं, इशाची नमाज पढून आले ते ओल्या फेरनानेच दारात उभे राहिले आणि धाकट्या भावाला काश्मिरीत काहीतरी म्हणाले. मामूंनी आम्हाला सांगितलं, वारा बदललाय, डोंगरावर पडायला लागलाय. बागेत अजून पंचवीस-तीस झाडांवर महाराजी होती. उतरवलेल्या डेलिशसचे दोन ढीग भाताच्या पेंढ्याखाली झाकलेले होते, पेट्या भरायच्या राहिल्या होत्या. रात्री दोघा भावांनी आणि मुलांनी ढिगांवर ताडपत्री ओढली. तेवढंच हातात होतं.

3 तारखेला, शनिवारी, फजरला उठलो तेव्हा पाऊस थांबल्यासारखा वाटला. आवाजच नव्हता. खिडकी उघडली तर बाहेर सगळं पांढरं, आणि वरून मोठे, जड पुंजके उतरत होते. आमची मुलं ओरडलीच. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ बघत होती, त्यांना कोण दोष देणार? पण त्या घरातली मुलं ओरडली नाहीत. ती आधीच बाहेर होती, हातात लांब काठ्या घेऊन.

बर्फाने झाड का मोडतं हे आम्हाला त्या दिवशी कळलं. उघड्या फांदीवर बर्फ फारसा टिकत नाही, घसरून खाली पडतो. पण फांदीवर पानं असली की प्रत्येक पान तळहातासारखं पसरलेलं असतं. त्यावर बर्फ साचतो, त्यावर अजून साचतो. त्यातून नोव्हेंबरच्या सुरुवातीला हवा पुरेशी गार झालेली नसते. तापमान शून्याच्या आसपासच असतं, त्यामुळे बर्फ कोरडा भुरभुरीत न पडता पाणी धरून ओला पडतो. जानेवारीतल्या बर्फापेक्षा तो कितीतरी जड. भूमध्य समुद्राकडून येणारे ओलसर वारे, ज्यांना हवामानवाले पश्चिमी झंझावात म्हणतात, ते हिवाळ्यात हा बर्फ आणतातच. त्या वर्षी ते पानगळीच्या आधी जोरात पोचले. महिनाभर उशिरा आले असते तर तोच बर्फ रहमत ठरला असता.

पहिला आवाज आला तेव्हा आम्ही चुलीजवळ होतो. कडाड असा, एकच. घरातली बाई जागच्या जागी थांबली आणि त्यांनी सासूकडे पाहिलं. त्या भागात असा आवाज कानावर आला की लोकांच्या मनात आधी काय येतं, ते त्या दोघींच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. मग दुसरा आवाज आला, तिसरा आला, आणि म्हातारी आई पुटपुटली, "कुल." कुल म्हणजे झाड. गोळीबार नाही, झाड आहे. हे ऐकून सुटकेचा नि:श्वास टाकावा तर तो टाकायलाही कुणाला जागा उरली नव्हती.

आम्हीही काठ्या घेतल्या. बांबूने फांदी खालून हलवायची, बर्फ पाडायचा, पुढच्या झाडाकडे जायचं. वीस झाडं करून मागे बघावं तर पहिल्या झाडावर पुन्हा तेवढाच साचलेला. अंगावर बर्फ, बाहीत बर्फ, हाताला बोटं आहेत की नाहीत ते कळेना. जोराने हलवलं तर लागलेलं फळ पडायचं, नाही हलवलं तर फांदी जायची. हाजीसाहेब एकच सांगत होते, फळाकडे बघू नका. आजूबाजूच्या सगळ्या बागांत हेच चाललं होतं. पांढऱ्या पडद्यामागे नुसत्या माणसांच्या हाका आणि मधूनमधून तो कडाड. दुपारी जुहरपर्यंत बर्फ पिंडरीपर्यंत आला होता.

जुन्या झाडाची गंमत अशी की ते बुंध्यापासून दोन-तीन मोठ्या फांद्यांत वाटलेलं असतं. ओझं वाढलं की नुसती फांदी तुटून पडत नाही, जिथे त्या वाटल्या जातात तिथेच झाड उभं चिरतं, अगदी कमरेपर्यंत. आतलं लाकूड पिवळसर ओलं दिसतं. फळं तशीच लागलेली असतात, लाल. हाजीसाहेबांच्या वडिलांनी लावलेली एक रांग होती ओढ्याच्या बाजूला. त्यातलं शेवटचं झाड फाटलं तेव्हा त्यांनी काठी खाली ठेवली आणि ओट्यावर जाऊन बसले. कुणी त्यांना उठवायला गेलं नाही.

वीज सकाळीच गेली होती, आणि खोऱ्याच्या बऱ्याच भागात ती नंतरही कितीतरी दिवस आली नाही. महामार्ग बंद झाला. शोपियानहून पीर पंजाल ओलांडून राजौरी-पूंछकडे जाणाऱ्या मुघल रोडवर पीर की गलीच्या आसपास प्रवासी अडकले होते. हाच मोसम गुज्जर-बकरवाल लोकांचा. उन्हाळाभर उंचावरच्या कुरणांत राहून मेंढ्या-बकऱ्या, घोडी, पोरंबाळं घेऊन ते जम्मूकडच्या गरम भागात उतरत असतात. घर नाही, तंबू आहे, आणि वाटेत बर्फ. झाड मोडलेल्या माणसाकडे निदान मोजायला झाड तरी असतं, असं मामू त्या रात्री म्हणाले.

आपल्या वाचक भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते, कारण ती बातम्यांत येत नाही. अवेळी बर्फ बागेवर पडतो तसा स्वयंपाकघरावरही पडतो. काश्मिरी बायका शरद ऋतूत, ज्याला तिकडे हरुद म्हणतात, हिवाळ्याची बेगमी करतात. दुधी, वांगी, टोमॅटो, शलगम कापून उन्हात वाळवतात, मिरच्यांच्या माळा खिडक्यांना टांगतात. चिनाराची पडलेली पानं आणि छाटलेल्या फांद्या जाळून कांगडीसाठी कोळसा करून ठेवतात. त्या घरात दुधी अर्धा वाळला होता आणि चिनाराची पानं अजून झाडावरच होती. कोळसा मागच्या वर्षीचा, जेमतेम दोन पोती. पेंढा भिजला, तो पेट्यांत फळाखाली घालायलाही लागतो आणि गाईलाही. घरच्या बाजींनी मोजणी केली ती अशी: कोळसा आधी म्हाताऱ्या आईच्या कांगडीला, मग पाहुण्यांच्या मुलांना, मग बाकीच्यांना. आम्ही नको म्हणालो तर त्या रागावल्या. मीठ घातलेला गुलाबी नून चहा मात्र दिवसातून तीनदा येत राहिला. कांदुरची, म्हणजे भट्टीवाल्याची रोटी दुसऱ्याच दिवशी सुरू झाली. तिकडे भट्टीवाला बंद राहिला तर गाव खरंच संकटात आहे असं समजायचं.

हाजीसाहेबांची मुलगी दहावीला होती. त्या काळी खोऱ्यात बोर्डाच्या परीक्षा हिवाळ्याआधी, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होत. तिचे पेपर चालू होते. दिवसभर तिने बागेत काठी चालवली, आणि रात्री मेणबत्ती लावून उर्दूचं पुस्तक उघडलं. हाताची बोटं फुगली होती, पेन धरवेना. आम्ही दोघं तिच्याजवळ बसलो. शिक्षकाला असल्या वेळी एवढंच येतं. ती तोंडी उत्तरं सांगायची, आम्ही ऐकायचो, कुठे वाक्य लंगडं पडलं तर नीट करायचो. 'तशबीह' आणि 'इस्तिआरा' यांतला फरक समजावताना आमच्यातल्या एकाने बर्फाचा दाखला दिला. तिने मान वर करून बघितलं आणि म्हणाली, "आज नहीं, सर. कोई और मिसाल दीजिए." आम्ही दुसरी मिसाल दिली.

बर्फ थांबल्यावर ऊन पडलं, फार सुंदर ऊन. झाडं मोजायला सगळे गेलो. दीडशेच्या आसपास झाडं होती. त्यातली एक्केचाळीस मुळापर्यंत गेलेली, साठेक झाडांची एखाद-दुसरी मोठी फांदी गेलेली. फळाचं नुकसान एका सालाचं असतं, झाडाचं तसं नसतं. त्यांच्याकडच्या जुन्या जातीचं झाड लावल्यावर आठ-दहा वर्षांनी मनाजोगतं फळ देतं आणि भरात यायला त्याहून जास्त लागतात. मुलगी दहावीला असताना लावलेलं झाड तिची मुलं शाळेत जायला लागल्यावर भरात येणार, असा तो हिशेब. त्यातून पैसा आधीच उचललेला. औषध-फवारणी, पेट्या, मजुरी यासाठी बागवाले दिल्लीच्या आझादपूर मंडीतल्या किंवा सोपोरच्या आडत्याकडून आगाऊ घेतात, आणि मग माल त्यालाच द्यावा लागतो, तो लावील त्या भावाला. हे ऐकताना आम्हाला आमच्याकडच्या द्राक्षवाल्यांची आठवण झाली. नावं बदलली की गोष्ट तीच.

फाटलेली काही झाडं वाचवता येतात. दोन फाकलेल्या फांद्या दोराने जवळ ओढायच्या, बुंध्यातून आरपार भोक पाडून लांब नट-बोल्टाने आवळायच्या, जखमेवर औषधाचा लेप लावायचा. मामूंनी आणि त्यांच्या पुतण्याने तीन दिवस तेच केलं. आमच्या मुलाने पाना धरला. त्या झाडांकडे बघून त्याला दवाखान्यात पायात सळई घातलेले आजोबा आठवले, आणि तसं तो मोठ्याने बोललाही. हाजीसाहेब त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

राज्यात तेव्हा राज्यपालांची राजवट होती. हा बर्फ विशेष नैसर्गिक आपत्ती म्हणून जाहीर झाला, मोजणीला माणसं आली, पुढे काही मदतही पोचली. तिने आडत्याचं देणं फिटलं नाही. त्या हिवाळ्यात मामू आमच्या गावी आले ते नेहमीपेक्षा दुप्पट माल घेऊन, आणि बरोबर पुतण्याला घेऊन. पुतण्याचं कॉलेज त्या वर्षी सुटलं ते सुटलंच. मोहल्ल्यातल्या लोकांनी ज्याला त्याला जमेल तशी शाल घेतली. काहींनी गरज नसताना घेतली आणि मामूंना ते कळलं नाही असं दाखवलं. त्यांनीही कळलं नाही असं दाखवलं.

मग 2019. ऑगस्टपासून तिकडचे फोन बंद. 14 ऑक्टोबरला पोस्टपेड मोबाइल सुरू झाले, पण मामूंचा प्रीपेड. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बातमी आली की काश्मीरमध्ये पुन्हा अवेळी जोरदार बर्फ झाला, पुन्हा बागा मोडल्या. त्याच दिवसांत आमच्याकडे अवकाळी पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. अरबी समुद्रात आधी 'क्यार', मागोमाग 'महा' अशी वादळं उठली होती. छाटणी झालेल्या द्राक्षबागांत पाणी साठलं, कोवळ्या घडांवर डावणी आली, सोयाबीन शेतातच कुजलं. वर्गातली मुलं खिडकीबाहेर बघत होती आणि आम्ही रोज रात्री तोच नंबर लावत होतो. तो नंबर लागत नसल्याचं सांगणारी बाई मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत सांगायची. सहावीतल्या आमच्या मुलीने एकदा विचारलं, त्यांच्या झाडांतले नट-बोल्ट टिकले असतील का? उत्तर द्यायला आमच्याकडे काही नव्हतं. प्रीपेड फोन जानेवारीत सुरू झाले. त्याच रात्री मामूंचा फोन आला. सलाम-दुआ झाल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते आमच्याकडच्या द्राक्षांबद्दल; पाऊस झाल्याचं त्यांनी रेडिओवर ऐकलं होतं. आपल्या बागेचं नंतर सांगितलं. बोल्ट लावलेल्यांपैकी अर्धी टिकली होती.

मुलगी दहावी झाली, पुढे बारावीही. आता पदवीला आहे. पुतण्या शाली विकतो; त्याला चांगलं मराठी येतं, सांगलीकडचं, 'काय म्हणतायसा' वगैरे.

गेल्या काही वर्षांत तिकडे बुटक्या कलमांच्या दाट लागवडीची हवा आहे. दोन-तीन वर्षांत फळ, पण झाड स्वतःच्या पायावर उभं राहत नाही, त्याला खांब आणि तारा लागतात, वरून गारांसाठी जाळी. हाजीसाहेबांनी मोडलेल्या रांगेच्या जागी तीन कनालवर ती लावायचं ठरवलं. तारा कशा ताणायच्या, कोपऱ्यातल्या खांबाला तणावा कसा द्यायचा, हे त्यांना कुणाला तरी विचारायचं होतं. आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी पंचवीस वर्षं द्राक्षाचे मांडव उभे केलेत. आम्ही दोघांची फोनवर गाठ घालून दिली. एक बोलतो मराठी, दुसरा उर्दू, मध्ये आम्ही. तासभर चाललं. शेवटी आमच्याकडच्या पाटलांनी एकच बजावलं: जाळी आहे ना, ती फळ उतरलं की त्याच दिवशी गुंडाळा, राहू देऊ नका, तुमचा बर्फ तिच्यावर बसला तर खांबासकट सगळं खाली येईल.

23 ऑक्टोबर 2021 ला पुन्हा बर्फ पडला, आणखी लवकर. शोपियान-कुलगामकडे बागा मोडल्या, त्रालच्या बाजूला डोंगर घसरून भटक्या कुटुंबातली माणसं तंबूतच गेली. त्या दिवशी फोन लागला. हाजीसाहेबांनी आधी पाटलांना सलाम सांगायला सांगितलं. जाळी आठ दिवसांपूर्वीच गुंडाळली होती, तारा टिकल्या. जुन्यातली नऊ झाडं गेली. ओढ्याच्या बाजूला वडिलांच्या हातचं एक उरलं होतं, बोल्ट लावलेलं, ते अजून उभं आहे म्हणाले.